घर आणि अवजार : ब्लॉक लेथवर देण्यापूर्वी

भिवंडी तालुक्यातील अंजूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील अडचण आज कितीतरी शेतकरी घरांची आहे, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रासाठीच ठेवले आहे.

त्यांच्या घरी भातशेती आणि चार म्हशी आहेत. मुलगा रोज पहाटे मोटारसायकलला दोन कॅन बांधून भिवंडीत दूध घालतो. गाडी शंभर सी.सी.ची, बरीच जुनी. वर्षभर ती निळा धूर सोडत होती आणि तेल पीत होती. गावच्या फिटरने सांगितले, ‘ब्लॉक बोअर करावा लागेल.’ ब्लॉक लेथवाल्याकडे गेला, पन्नास साइजचा पिस्टन आणला, इंजिन बांधले. चार दिवस गाडी झकास चालली. बाराव्या दिवशी दूध घेऊन जाताना भर रस्त्यात इंजिन पकडले. किक खाली जाईना. त्या दिवशीचे दूध फुकट गेले आणि तेव्हापासून मुलगा दुसऱ्याची गाडी मागून दूध घालतो आहे.

आता लेथवाला म्हणतो, ‘तुम्ही गाडी ओव्हरलोड पळवली.’ फिटर म्हणतो, ‘बोअर घट्ट झाला, माझा काय दोष?’ त्यात लेथवाला निघाला ताईंच्या माहेरच्या नात्यातला. सासरे म्हणतात, ‘पैशांवरून नात्यात वाकडे नको, सोडून द्या.’ मुलगा म्हणतो, ‘मी त्याच्या दुकानापुढे जाऊन बसतो.’ ताईंचा प्रश्न असा की, चूक कोणाची हे कसे ओळखावे? आणि नाते न तोडता झालेला खर्च कसा भरून घ्यावा?

ताई, पहिली गोष्ट ही की त्या इंजिनाला सध्या कोणालाही हात लावू देऊ नका. फिटर ‘खोलून बघतो’ म्हणाला तरी नको. आतल्या पिस्टनवर जे ओरखडे आहेत, तेच या भांडणातले साक्षीदार आहेत. साक्षीदार पुसला गेला की मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. दुसरी गोष्ट, मुलाला दुकानापुढे बसू देऊ नका आणि सासऱ्यांचे ऐकून गप्पही बसू नका. या दोहोंच्या मधला एक रस्ता आहे. तो मोजमापाचा.

उखळ आणि मुसळ

सिलिंडर म्हणजे उखळ आणि पिस्टन म्हणजे मुसळ असे समजा. फरक एवढाच की हे मुसळ उखळात जवळजवळ चपखल बसलेले असते आणि मधल्या फटीत तेलाचा पातळ थर असतो. आपल्याकडे दूधवाल्यांत खपणाऱ्या शंभर सी.सी.च्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० च्या घराण्यातल्या. त्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर. गाडी जोरात असताना इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर जाऊन खाली येतो. सरासरी काढली तर तो सेकंदाला दहा मीटर या वेगाने घासत असतो. एवढ्या घर्षणात तेल कमी पडले किंवा धूळ शिरली तर काय होईल, हे पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बाईला सांगायला नको. वाटणात वाळूचा खडा आला की पाटाही झिजतो आणि वरवंटाही.

अंजूर, माणकोली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात आज गोदामे उभी राहिली आहेत. रात्रंदिवस ट्रक चालतात, धूळ उडते. पावसाळ्यात त्याच रस्त्यांवर चिखल, आणि शेताच्या बांधावर तर विचारायलाच नको. ही धूळ एअर फिल्टरमधून इंजिनात गेली की तेलात मिसळून ती कानशीसारखी काम करते. फिल्टर फाटका असेल, किंवा ‘गाडीला पिकअप येतो’ म्हणून काढून टाकला असेल, तर नवा बोअरसुद्धा लवकर खलास होतो.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या बाजूला, जिथे रिंगा येऊन परततात, तिथे झीज सर्वांत जास्त. तिथे उष्णता जास्त आणि तेल कमी. शिवाय पिस्टन दोन बाजूंना जास्त रेटतो, म्हणून गोल सिलिंडर हळूहळू लंबगोल होतो. वर रुंद, खाली अरुंद, आणि मध्ये लंबगोल, असा तो वेडावाकडा होतो. मग रिंगा कितीही नव्या घाला, फट राहणारच. तेल वर जाऊन जळते, निळा धूर येतो, ताकद जाते. अशा वेळी सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करावा लागतो. यालाच आपण बोअर करणे म्हणतो.

बोअर केल्यावर व्यास वाढतो, म्हणून पिस्टनही मोठा लागतो. हे मोठे पिस्टन ठराविक मापांत मिळतात. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर मोठे. बाजारात त्यांनाच पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर आणि शंभर साइज म्हणतात. सगळ्या गाड्यांना चारही साइज मिळतात असे नाही. एकेक साइज म्हणजे त्या ब्लॉकचे एकेक आयुष्य. पंचवीसने काम भागत असताना पन्नास केला, तर एक आयुष्य फुकट गेले. म्हणून ‘पन्नासच का?’ हा प्रश्न लेथवाल्याला विचारण्याचा तुमचा हक्क आहे. झीज खोल असेल तर पन्नास बरोबर, पण ती किती खोल होती याचा आकडा त्याने दाखवायला हवा.

केसाहून कमी जागा

पिस्टन आणि सिलिंडर यांत किती जागा ठेवायची, यात सारे गणित आहे. हवेने थंड होणाऱ्या छोट्या चार-स्ट्रोक इंजिनात ही जागा साधारण दोन-चार शंभरांश मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेला असतो. एक शंभरांश म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यातला एक. माणसाच्या डोक्याचा केस साधारण पाच ते दहा शंभरांश जाडीचा असतो. म्हणजे सारा मामला केसाहून कमी जागेचा आहे. जागा कमी ठेवली तर पिस्टन तापून फुगतो आणि पकडतो. जास्त ठेवली तर खटखट आवाज येतो आणि धूर पुन्हा सुरू होतो.

हे काम नजरेने किंवा बोट फिरवून होत नाही. साध्या व्हर्नियरनेही होत नाही, कारण त्याचे माप दोन शंभरांशापर्यंतच जाते आणि आतल्या गोलाईत ते नीट बसतही नाही. पिस्टन मोजायला मायक्रोमीटर लागतो आणि सिलिंडर मोजायला घड्याळाचा बोअर गेज. ज्या दुकानात ही दोन साधने नाहीत, किंवा असून धूळ खात पडली आहेत, तिथे ब्लॉक देऊ नये. मग तो दुकानदार नात्यातला असो की गोत्यातला.

एवढ्या बारीक मापाचे वेड माणसाला केव्हा लागले, तेही थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडात जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाची नवी युक्ती काढली, पण पुष्कळ दिवस ती कागदावरच रखडली. कारण गोल सिलिंडर करून देणारा कारागीर मिळेना. पिस्टनच्या कडेने वाफ निसटून जाई आणि ती अडवायला कापडचिंध्या कोंबाव्या लागत. जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्याने १७७४ मध्ये तोफांच्या नळ्या कोरण्याची नवी रीत काढली, आणि त्याच धर्तीवर पुढे वॅटच्या इंजिनांचे सिलिंडर कोरले. वॅटचा भागीदार बोल्टन याने तेव्हा कौतुकाने लिहिले होते की, ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढाही फरक सापडत नाही. नाण्याच्या जाडीवर समाधान मानणारे ते दिवस होते. आज आपल्या तालुक्याच्या गावचा लेथवाला केसाच्या निम्म्या जाडीने काम करतो. त्याची कारागिरी लहान समजू नये. पण म्हणूनच त्याच्याकडून आकडा मागण्यात त्याचा अपमान नाही. चांगला कारागीर आकडा आपणहून सांगतो.

चूक कोणाची, हे कसे पाहावे

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळू. या कामात तीन हात लागलेले असतात. लेथवाल्याचा, फिटरचा आणि घरच्याचा. प्रत्येकाच्या चुकीची खूण वेगळी असते. इंजिन तिघांच्या देखत खोलावे. शक्य असेल तर या तिघांशी संबंध नसलेला एक जाणता फिटर बोलवावा. खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्यावेत. भाग पुसू नयेत, धुऊ नयेत.

पहिल्यांदा तेल पाहावे. बाहेर काढून स्वच्छ भांड्यात मोजावे. या छोट्या इंजिनात तेल लिटरभराच्या आसपास असते. ते निम्मेच निघाले आणि बाहेर कुठे गळतीही नाही, तर ते कमी भरले होते किंवा घरच्यांनी पाहिले नाही. वर हेडमधली कॅमची जागाही कोरडी आणि निळी-काळी पडलेली असेल, तर साऱ्या इंजिनालाच तेल पोचले नव्हते. अशा वेळी लेथवाल्याला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मग तेलपंप, तेलाची जाळी आणि बांधणी तपासावी.

तेल पुरेसे आहे, कॅम ठीक आहे, आणि पिस्टनच्या अंगावर जवळपास सर्व बाजूंनी उभे ओरखडे आहेत, तर जागा कमी पडल्याचा संशय घ्यावा. मात्र नव्या बोअरवर जड ओझे घालून गाडी सलग जोरात पळवली, तरी अशीच खूण उमटते. म्हणून नुसत्या नजरेवर निकाल देऊ नये. इथे माप घ्यावे लागते.

ओरखडे तिरपे असतील, म्हणजे एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली, तर पिस्टन वाकडा चालला होता. कनेक्टिंग रॉड वाकलेला असेल किंवा सिलिंडर बुडाच्या काटकोनात कोरला गेला नसेल. आपल्या भागात रॉड वाकण्याचे एक खास कारण आहे. उल्हासच्या पट्ट्याला पूर नवा नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरलेले नाही. पाण्यात बुडालेल्या किंवा पाण्यातून काढलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. इंजिन चालू असतानाच पाणी आत ओढले गेले, किंवा नंतर स्टार्टर मारला, तर रॉड वाकू शकतो. वाकड्या रॉडवर कितीही उत्तम बोअर केला तरी पैसे पाण्यात. म्हणून पुरात सापडलेल्या गाडीचा प्लग काढून आधी पाणी बाहेर काढावे, तेल बदलावे, आणि बोअर करण्यापूर्वी रॉड सरळ आहे का ते पाहून घ्यावे.

रिंगांची टोके पाहावीत. रिंग सिलिंडरमध्ये बसल्यावर तिच्या दोन टोकांत बारीक फट राहायला हवी. ढोबळ हिशेब असा की, १०० मिलिमीटर व्यासाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर. म्हणजे ५० मिलिमीटरच्या सिलिंडरला ०.१५ ते ०.२. पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरावा. ही फट फिलर गेजने मोजायची असते आणि ते काम बांधणाऱ्या फिटरचे. टोके एकमेकांवर आपटून चकचकीत झाली असतील, तर फट ठेवली गेली नव्हती. रिंग तापली, वाढली, टोकाला टोक भिडले आणि तिने सिलिंडर पकडला.

आणि सगळीकडे राखाडी, बारीक, मंद खरवड असेल, रिंगांच्या कडा सुरीसारख्या झाल्या असतील, तर आत कचरा गेला आहे. तो दोन वाटांनी येतो. एक वाट एअर फिल्टरची. दुसरी वाट म्हणजे बोअर आणि होनिंग केल्यावर ब्लॉक न धुता बांधला गेला. होनिंगच्या दगडाची पूड डोळ्याला दिसत नाही, पण ती अक्षरशः धार लावायच्या दगडाची पूड आहे. फिल्टर आणि त्याची नळी आतून स्वच्छ असेल, तर संशय दुसऱ्या वाटेवर जातो.

आता माप. पिस्टन जिथपर्यंत पोचत नाही असा सिलिंडरचा अगदी वरचा आणि अगदी खालचा काठ लेथवाल्याने सोडला होता तसाच राहिलेला असतो. तिथे बोअर गेज लावावा. पकडलेला पिस्टन मोजून उपयोग नाही, तो चेपलेला असतो. त्याच कंपनीचा, त्याच साइजचा नवा पिस्टन दुकानातून दाखवायला आणावा आणि तो मोजावा. पिस्टनचे माप खालच्या काठाजवळ, पिनेच्या आडव्या दिशेने घेतात. दोन्ही आकड्यांची वजाबाकी पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावी. हे माप तिसऱ्या दुकानात घ्यावे आणि त्यांच्या पावतीवर लिहून घ्यावे. त्याचे चार पैसे पडतील ते द्यावेत. वजाबाकी कमी आली तर लेथवाल्याने बोलायला जागा राहत नाही. बरोबर आली तर त्याच्यावरचा आळ जातो, आणि त्याची माफी मागायला आपणही कचरू नये.

नाते राखून हिशेब

ताईंच्या सासऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. उद्या लग्नाकार्यात त्याच मंडळींत बसायचे आहे. पण नाते राखण्यासाठी पैसे सोडले आणि मनात अढी ठेवली, तर ते नाते राखले असे होत नाही. चार वर्षांनी दुसऱ्याच कारणावरून ती अढी बाहेर पडते. त्यापेक्षा आज आकडा समोर ठेवून बोललेले बरे.

बोलायला मुलाला एकट्याला पाठवू नका. तुम्ही आणि सासरे मिळून जा. दुकानात गिऱ्हाईक असताना नको, दुपारच्या निवांत वेळी जा. ‘तू आमचे वाटोळे केलेस’ असे म्हणू नका. ‘दादा, हे माप असे आले आहे, तू बघ’ असे म्हणा. घट्ट बोअर त्याचा ठरला, तर त्याच्याकडे मागणी काय करावी? ब्लॉक पुढच्या साइजला होत असेल तर बोअरची मजुरी त्याने घेऊ नये आणि पिस्टन-रिंगचा खर्च त्याने द्यावा. ब्लॉक पुढे बोअर करण्याजोगा उरला नसेल, तर नव्या ब्लॉकच्या खर्चात त्याचा वाटा ठरवावा. फिटरने फट मोजली नव्हती असे दिसले, तर खोलण्या-बांधण्याची मजुरी आणि रिंगांचा खर्च त्याच्याकडे. आणि तेल घरच्यांनीच पाहिले नव्हते असे निघाले, तर खर्च आपला. बहुतेक वेळा दोघांचा थोडाथोडा दोष निघतो. मग खर्च वाटून घ्यावा. जे ठरेल ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. नात्यात कागद कशाला, असे कोणी म्हणेल. आपण भावाभावांत जमिनीची वाटणी करतो तेव्हा सातबाऱ्यावर नोंद करतोच ना?

काम देण्याआधी

ज्यांचा ब्लॉक अजून लेथवर जायचा आहे, त्यांनी एवढे करावे.

ब्लॉक देण्यापूर्वी त्याची जात पाहावी. जुन्या आणि साध्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून लोखंडी लायनर असतो, तो बोअर होतो. पण चिखलामातीत शर्यतीला पळवायच्या गाड्या आणि काही नव्या जोरदार गाड्या यांचे सिलिंडर आतून ॲल्युमिनियमचे असून त्यावर निकेलचा अतिशय कठीण मुलामा असतो. तो साध्या बोअरला चालत नाही. तसा ब्लॉक बदलावा लागतो किंवा मुलामा देणाऱ्या खास कारखान्यात पाठवावा लागतो. आतल्या भिंतीला चुंबक घट्ट चिकटला तर लोखंडी लायनर आहे असे समजावे. शंका असेल तर कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारावे. डिझेलच्या पंपांत बहुधा लायनर बदलता येतो. तिथे बोअर आणि नवा लायनर, दोन्हींचा खर्च विचारून मगच ठरवावे. मोटारसायकलचाही नवा ब्लॉक-पिस्टन संच किती रुपयांत येतो ते आधी विचारावे. बोअर, पिस्टन आणि होनिंग मिळून खर्च त्याच्या जवळ जात असेल तर नवाच घेतलेला बरा.

ब्लॉकला बाहेरून, न दिसेल अशा जागी, स्वतःची बारीक खूण करावी. एकसारखे दहा ब्लॉक एका बाकावर पडलेले असतात, अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

पिस्टन आधी घ्यावा, बोअर नंतर. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे पिस्टन एक-दोन शंभरांशाने वेगळे निघू शकतात. हातातला पिस्टन मोजून त्याला जागा सोडून सिलिंडर कोरायचा असतो. ‘तुम्ही ब्लॉक ठेवून जा, पिस्टन मागून आणा’ असे कोणी म्हणाला तर ब्लॉक परत उचलावा.

पावतीवर ही नोंद मागावी : बोअरआधीचे माप वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी. पिस्टनचे माप. बोअरनंतरचे माप. ठेवलेली जागा. होनिंगसह मजुरी. परत देण्याचा दिवस. सगळे मिळून दोन इंच कागद लागतो. शेवटचे माप ब्लॉक थंड झाल्यावर घ्यायला सांगावे. ५० मिलिमीटरचा लोखंडी सिलिंडर २० अंशांनी तापला तर साधारण एक शंभरांशाने फुगतो. गरम असताना घेतलेले माप थंडपणी खोटे ठरते.

घाई करू नये. ‘उद्या पहाटे दूध घालायचे आहे, आज रात्रीच दे’ असे म्हणून आपणच कारागिराला चुकीकडे ढकलतो. दोन-तीन दिवस दुसऱ्या गाडीची सोय करून मगच इंजिन खोलावे. जुना पिस्टन आणि रिंगाही परत मागून घ्याव्यात.

घरी आल्यावर

ब्लॉक घरी आला की तो धुण्याचे काम घरातल्या बायांनी हातात घ्यावे. त्यांच्याइतके स्वच्छ कोणी धूत नाही. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. आतून तीन-चार वेळा घासावे. नुसत्या रॉकेल-पेट्रोलने दगडाची पूड निघत नाही, तिला साबणपाणीच लागते. मग पांढऱ्या सुती फडक्याला इंजिन ऑइल लावून आत फिरवावे. फडके करडे निघाले तर पुन्हा धुवावे. पांढरे निघेपर्यंत सोडू नये. लगेच तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून ठेवावा. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे लोखंड रात्रीत गंजते.

इंजिन बांधल्यावर पहिले पाचशे किलोमीटर नव्या सुनेसारखे सांभाळावे. दोन कॅनऐवजी एक कॅन, मागे माणूस नको. एकाच वेगाने लांब पळवू नये, वेग कमी-जास्त करत राहावा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नये. रोज सकाळी तेलाची पट्टी पाहावी. पाचशे किलोमीटरला तेल बदलावे, कारण नव्या रिंगा बसताना सुटलेला धातूचा चुरा त्यात असतो. जुन्या राजदूतवर दूध घातलेली मंडळी गावात अजून आहेत. त्या टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, म्हणून रोज तेलाची आठवण राही. आताच्या गाडीत ते मिसळावे लागत नाही, आणि तेलाकडे बघायचेच राहून जाते.

समजुतीने भागले नाही तर

परका दुकानदार असेल आणि माप दाखवूनही ऐकत नसेल, तर कायदा आहे. ग्राहकाने एकत्र येऊन जाब विचारावा ही चळवळ आपल्याकडे बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीच्या रूपाने सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे, आणि ती सदोष असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. अंजूरकरांसाठी तो आयोग ठाण्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबवलेले साधन असेल, तर ‘हा धंदा आहे, तू ग्राहक नाहीस’ असे सहसा म्हणता येत नाही. बिल न देणे हा या कायद्याने अनुचित व्यवहार ठरतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, काही वेळा तेवढ्यावरच काम होते.

पण आयोगापुढे गेलात तरी पहिला प्रश्न तोच येणार : पावती कुठे आहे, माप कुठे आहे? तोंडी कामाला तिथेही पाय नसतात. म्हणून घरात एक वही करावी. सातबारा आणि पासबुक ज्या पेटीत असते तिथेच ती ठेवावी. गाडी, पंप, पॉवर टिलर, फवारणी यंत्र यांना एकेक पान द्यावे. तेल कधी बदलले, फिल्टर कधी धुतला, बोअर किती साइजला झाला, पावती कोणती, हे त्यात लिहावे. शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करील.

पुढील अंकी पावसाळ्यापूर्वी डिझेल पंप कसा झाकून ठेवावा, हे पाहू. वाचकांनी आपल्या अडचणी लिहून कळवाव्यात. पत्रात इंजिनाची जात, सी.सी. आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, एवढे जरूर लिहावे.